थिबा राजवाड्यात मुलांना का न्यावे

हिवाळा आला, सहामाही परीक्षा संपल्या आणि शाळांनी सहलीची संमतिपत्रे घरी पाठवली की पालकसभांमधून एक वाद हटकून उभा राहतो. सहल रायगडावर किंवा शिवनेरीवर जाणार असेल तर कोणाची हरकत नसते. ती वसईच्या पोर्तुगीज कोटाकडे, मुंबईच्या फोर्ट भागाकडे किंवा रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याकडे वळली की दोन तट पडतात. गुलामीच्या खुणा पैसे खर्चून मुलांना कशाला दाखवायच्या, असे एक तट विचारतो. वास्तू जुनी आहे, देखणी आहे, तिच्याकडे वारसा म्हणून पाहावे, त्यात राजकारण आणू नये, असे दुसरा तट सांगतो. वर्षानुवर्षे हा वाद याच दोन वाक्यांभोवती फिरतो आहे आणि माझ्या मते दोन्ही बाजू एकच चूक करीत आहेत. वास्तू पाहून मुलांना काय वाटावे, अभिमान की लाज, कौतुक की चीड, एवढ्याचीच काळजी दोघांनाही आहे. तिथे जाऊन मुलांना काय कळावे, हे कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे की वसाहतकालीन स्थळांवर शाळेची सहल न्यावी आणि आग्रहाने न्यावी, कारण परकी सत्ता कशी चालत होती, तिला पैसा कुठून मिळत होता, तिची कामे कोणाच्या हातांनी होत होती आणि त्या हातांत आपले हात किती होते, हे समजून घेण्याची इतकी चांगली संधी पाठ्यपुस्तक देऊ शकत नाही. मात्र अर्धा तास फोटो काढून पुढच्या ठिकाणी निघायचे असेल, तर विरोधकांचे म्हणणे मान्य करून ती सहल खुशाल रद्द करावी.

उदाहरणासाठी मी थिबा राजवाडाच घेतो, कारण आपल्याकडच्या वसाहतकालीन स्थळांपैकी इतके बोलके आणि इतके दुर्लक्षित स्थळ दुसरे क्वचितच असेल. ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा याला नोव्हेंबर १८८५मध्ये इंग्रजी फौजेने त्याच्या राजधानीतून, मंडालेहून, पदच्युत करून नेले. काही महिने मद्रासला ठेवून एप्रिल १८८६मध्ये त्याला राणी सुपायालत आणि परिवारासह रत्नागिरीला आणण्यात आले. तेव्हा त्याचे वय सत्तावीस वर्षांचे होते. डिसेंबर १९१६मध्ये तो रत्नागिरीतच वारला. आज ज्याला आपण त्याचा राजवाडा म्हणतो ती वास्तू १९१०मध्ये राहण्याजोगी झाली. म्हणजे बंदिवासाच्या तीस वर्षांपैकी जेमतेम सहा वर्षे त्याने तिथे काढली आणि बाकीचा सारा काळ सरकारने दिलेल्या बंगल्यांत गेला. पहारा होता, पत्रव्यवहारावर नजर होती, परवानगीवाचून गाव सोडण्याची मुभा नव्हती. उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार सागवानी खिडक्या आणि समोर खाली पसरलेली भाट्याची खाडी पाहून पर्यटक म्हणतो की राजाची बडदास्त चांगली ठेवली होती. शाळेच्या मुलानेही एवढेच म्हणून परत यावे का?

रत्नागिरीच का, हा पहिला प्रश्न शिक्षकाने राजवाड्याच्या दारातच विचारावा. त्या काळी रत्नागिरीला रेल्वे नव्हती. कोकण रेल्वे यायला आणखी शतकाहून अधिक काळ जायचा होता. सह्याद्रीच्या घाटांमुळे खुश्कीचा मार्ग अवघड होता, बाहेरच्या जगाशी खरा संबंध आगबोटीचा, आणि पावसाळ्यात तोही तुटत असे. पदच्युत राजाचे चाहते, हितचिंतक, परदेशी वकील यांच्यापैकी कोणीही सहज पोचू नये, अशी ती जागा होती. इथे भूगोल इतिहासाला येऊन मिळतो आणि सातवी-आठवीच्या मुलाला, विशेषतः ज्याच्या पणजोबांनी त्याच आगबोटींनी मुंबई गाठली त्या कोकणातल्या मुलाला, हे एका वाक्यात उमजते. वर्गात नकाशावर बोट ठेवून हे सांगता येईल, पण आपण आज घाट उतरून किती वेळात आलो याचा ताजा अनुभव अंगात असताना ते जितके पटते तितके वर्गात पटत नाही.

दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. ब्रह्मदेशावर चाल करण्याचे निमित्त काय होते? निमित्त सागवानाचे होते, आणि ते सागवान मुंबईच्या एका कंपनीचे होते. १८६३मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने उत्तर ब्रह्मदेशातल्या जंगलांतून सागवान तोडण्याचा ठेका घेतला होता. ठरल्याहून जास्त ओंडके नेऊन कमी ओंडक्यांचा कर भरल्याचा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने १८८५मध्ये कंपनीला जबर दंड ठोठावला. फ्रान्सशी थिबाची वाढती जवळीक इंग्रजांना आधीपासून खुपत होतीच. या दंडाने त्यांना हवे ते कारण मिळाले. ऑक्टोबरमध्ये निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरअखेर मंडाले पडले आणि १ जानेवारी १८८६ला उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्याला जोडल्याची घोषणा झाली. चाल करून गेलेल्या त्या फौजेत हिंदी शिपाई मोठ्या संख्येने होते. म्हणजे कंपनी मुंबईची, शिपाई हिंदुस्थानचे, कैदी ठेवायचा तोही कोकणात. ज्या वास्तूला आपण केवळ आपल्या गुलामीची खूण म्हणतो, ती दुसऱ्या एका देशाच्या गुलामीची खूण आहे आणि ती गुलामी लादण्यात आपल्या माणसांचे हात वापरले गेले आहेत, हे सत्य सहलीवाचून मुलांपर्यंत पोचण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

याच ठिकाणी आणखी एक कागद मुलांच्या हाती द्यावा. थिबाला मंडालेहून नेले त्यानंतर महिनाभरातच, डिसेंबर १८८५च्या अखेरीस, मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. तिथे जमलेल्या बहात्तर प्रतिनिधींनी मंजूर केलेल्या मोजक्या ठरावांपैकी एक उत्तर ब्रह्मदेशाच्या विलीनीकरणाविरुद्ध होता आणि तो फिरोजशहा मेहतांनी मांडला होता. विलीनीकरण टाळता येत नसेल तर निदान ब्रह्मदेश हिंदुस्थानच्या कारभारापासून वेगळा ठेवावा, अशीही त्यात मागणी होती. या विरोधामागे हिंदी तिजोरीवर पडणाऱ्या भाराची चिंता मोठी होती, हे लपवू नये. स्वातंत्र्याच्या चळवळीला जन्मतःच शेजारच्या देशाच्या पारतंत्र्याविषयी भूमिका घ्यावी लागली आणि ती भूमिका काही अंशी न्यायाची, काही अंशी जमाखर्चाची होती, हे चौदा वर्षांच्या मुलाला समजू शकते. त्याला ते सांगण्याची हिंमत आपल्यात आहे का, एवढाच प्रश्न आहे.

आता लोकमान्यांकडे येतो, कारण रत्नागिरीला जाणारी जवळजवळ प्रत्येक सहल टिळक आळीतल्या त्यांच्या जन्मस्थानी थांबते आणि थांबलीच पाहिजे. १८५६मध्ये रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी भोगली मंडालेला. त्याआधी एक वर्ष लाला लजपतरायांना तिथेच नेऊन ठेवले होते. पुढे १९२५मध्ये सुभाषचंद्र बोसांना तिथेच धाडले गेले. ज्या मंडालेतून राजा उचलून रत्नागिरीला आणला, त्याच मंडालेला रत्नागिरीत जन्मलेला लोकनेता नेला गेला. १९१०-११च्या हिवाळ्यात टिळक मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होते, तेव्हाच थिबा रत्नागिरीच्या नव्या वास्तूत राहायला जात होता. दोन्ही ठिकाणे आपल्या मुलांना एकाच दिवशी, काही तासांच्या अंतराने दाखवली जातात. एकीकडे ‘थोर पुरुषाचे घर’ आणि दुसरीकडे ‘राजाचा वाडा’ अशा वेगळ्या नोंदी वहीत होतात. त्या दोन्हींमागे एकाच सरकारची एकच पद्धत आहे, माणसाला त्याच्या माणसांपासून, भाषेपासून, बंदरापासून तोडून दूर नेऊन ठेवण्याची, हे जोडून दाखवणे शिक्षकाचे काम आहे, आणि ते केले जात नाही याचे मला मनापासून दुःख होते.

ही पद्धत किती जुनी आणि किती दूरवर पसरलेली होती, हे पाहिले की थिबा एकटा राहत नाही. कँडीच्या शेवटच्या राजाला १८१५मध्ये पदच्युत करून पुढे सिंहलद्वीपातून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, वेल्लोरच्या किल्ल्यात आणून ठेवले. दुसऱ्या बाजीरावाला १८१८मध्ये पुण्याहून शेकडो कोस दूर कानपूरजवळ ब्रह्मावर्तास पाठवले. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९मध्ये पदच्युत करून काशीला नेले; त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते चौदा वर्षे विलायतेत झगडत राहिले आणि हात हलवीत परतले. अवधचा नवाब वाजिद अली शाहला १८५६मध्ये लखनौहून कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला, बहादूरशाह जफरला १८५८मध्ये दिल्लीहून रंगूनला नेले. पश्चिम आफ्रिकेतल्या अशांती लोकांचा राजा प्रेम्पे याला १८९६मध्ये पकडून पुढे हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर ठेवले. दिल्लीचा बादशहा रंगूनला आणि ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीला, अशी ही अदलाबदल साम्राज्याने शांतपणे, कागदोपत्री, निवृत्तिवेतन ठरवून केली. प्रतापसिंहांच्या साताऱ्यातला मुलगा आणि थिबाच्या मंडालेतला मुलगा यांचा इतिहास इथे एकमेकांना भेटतो. केवळ आपल्याच जखमा मोजणाऱ्या इतिहासाला हे भान कधीच येणार नाही.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा वेळेचा आणि पैशाचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. बहुतेक शाळांची वर्षातून एकच सहल निघते. एसटीच्या भाड्यात सवलत मिळाली तरी जेवण, मुक्काम, प्रवेश यांचा खर्च अनेक घरांना जड जातो. काही मुले त्यापायी मागे राहतात. अशा एकुलत्या एक सहलीत आधी आपले गड दाखवावेत, असे पालकांना वाटले तर त्यात चुकीचे काय? जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतल्यानंतर हे म्हणणे आणखी बळकट झाले आहे. चौथीच्या मुलाने, जो त्या वर्षी शिवछत्रपतींचे चरित्र शिकतो, रायगड किंवा प्रतापगड पाहावा हे मला पूर्ण मान्य आहे. पण आठवीच्या मुलाचे काय? त्याच्या इतिहासाच्या पुस्तकात इंग्रजी सत्तेची स्थापना, १८५७चा लढा, स्वातंत्र्य चळवळ आहे. त्या वर्षी त्याला पुन्हा गडावरच नेले, तर वर्षभर वाचलेल्या काळाशी त्याची गाठ पडणार कुठे?

शिवाय गड आणि वसाहतकालीन स्थळ अशी विभागणी वादात सोयीची वाटली तरी खरी नाही. रायगडावर जाऊन आपण उघड्या जोत्यांवरून फिरतो, छप्पर नसलेल्या वाड्यांच्या जागा मुलांना दाखवतो. ते वाडे असे का झाले? मे १८१८मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफांनी पोटल्याच्या डोंगरावरून मारा केला, गडाला आग लागली, बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होती, आणि काही दिवसांत रायगड इंग्रजांच्या हाती गेला. म्हणजे रायगडाचे आजचे रूप हेच मुळी एक वसाहतकालीन कृत्य आहे. विजयदुर्गाचे उदाहरण तर याहून बोचरे आहे. फेब्रुवारी १७५६मध्ये इंग्रज आरमाराने तुळाजी आंग्र्यांचे गलबतांचे आरमार तिथे जाळले, ते पुण्याच्या पेशव्यांशी हातमिळवणी करून. अंतर्गत वैर मिटवायला बोलावलेल्या पाहुण्याने पुढच्या साठ वर्षांत घर ताब्यात घेतले. जागतिक वारसा ठरलेल्या या दुर्गात उभे राहून एवढा एक प्रसंग न सांगता मुलांना परत आणणारा शिक्षक आणि थिबा राजवाड्यात अर्धा तास घालवणारा शिक्षक यांच्यात मला फरक दिसत नाही. तेव्हा गड की राजवाडा हा पर्याय सोडून, तिथे काय विचारायचे हे आधी ठरवावे.

दुसरा आक्षेप दिपून जाण्याचा आहे, आणि तोही खरा आहे. साम्राज्याच्या इमारती दिपवण्यासाठीच बांधल्या गेल्या. १९११मध्ये पंचम जॉर्जच्या आगमनाची आठवण म्हणून अपोलो बंदरावर उभारायला घेतलेले आणि १९२४मध्ये पूर्ण झालेले गेटवे ऑफ इंडिया पाहून मुलाचे डोळे विस्फारतात. इंग्रज नसते तर हे कोणी बांधले असते, असा प्रश्न मोठी माणसेही करतात. मुलांना असे दिपवून आणणारी सहल घातकच आहे. पण दिपण्यावरचा उपाय न पाहणे हा असू शकतो का? मुंबईचे मूल ही दृश्ये रोज लोकलच्या खिडकीतून पाहते, व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणून बांधलेल्या स्थानकात उतरते. पाहणे टळत नाही. जाणकाराच्या सोबतीने पाहणे तेवढे टळते. राजाबाई टॉवरसाठी पैसा देणारे प्रेमचंद रायचंद अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव भडकले तेव्हा गब्बर झाले होते. ज्यांच्या देणगीने रुग्णालय आणि कलाशाळा उभी राहिली त्या जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा होता. हे कळल्यावर इमारत कुरूप होत नाही आणि देणगीही खोटी ठरत नाही. पण डोळे विस्फारलेले मूल विचार करू लागते, आणि याच गेटवेतून २८ फेब्रुवारी १९४८ला शेवटची इंग्रज पलटण परत गेली हे सांगितले की कमान कोणाची, या प्रश्नाला त्याच्याकडे स्वतःचे उत्तर असते.

या वादात दक्षिण कोरियाचा दाखला विरोधकांना देता येईल आणि त्यांनी तो द्यायलाच हवा, कारण त्यांच्या बाजूचा तो सर्वांत प्रबळ पुरावा आहे. सोलमध्ये जुन्या राजप्रासादाच्या पुढ्यात जपानी सत्तेने आपल्या गव्हर्नर जनरलची भव्य इमारत उभारली होती. मुक्तीला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, १५ ऑगस्ट १९९५ला, कोरियाने ती पाडायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी ती जमीनदोस्त केली. एका स्वाभिमानी राष्ट्राला असे करण्याचा हक्क आहे, हे मी मान्य करतो. पण त्याच शहरात, जपान्यांनी कोरियन क्रांतिकारकांना ज्या सोदेमुन तुरुंगात डांबले, छळले, फासावर चढवले, तो तुरुंग त्याच राष्ट्राने जपला, त्याचे संग्रहालय केले आणि शाळेची मुले तिथे रांगेने येतात. दिमाखाची इमारत पाडली, यंत्रणेची इमारत ठेवली. या निवडीमागे मला खोल समज दिसते. सत्तेचा थाट विसरला तरी चालेल, तिची कार्यपद्धती विसरून चालणार नाही. घानातल्या केप कोस्टच्या किल्ल्यातही पुरुष गुलामांच्या तळघराच्या थेट वर इंग्रजांचे प्रार्थनागृह होते, आणि तिथे येणाऱ्याला ही दोन्ही दालने दाखवली जातात. एकच दाखवले तर त्या किल्ल्याविषयी काहीच कळणार नाही. आपला थिबा राजवाडा या अर्थाने थाट आणि यंत्रणा दोन्ही आहे. बाहेरून तो वाडा आहे, त्याचे काम तुरुंगाचे होते. म्हणूनच तो पाहताना वाट दाखवणारा माणूस हवा.

थिबा स्वतः कुठे मोठा सज्जन होता, असेही कोणी म्हणेल. नव्हता. १८७९मध्ये, तो गादीवर आल्यानंतर थोड्याच महिन्यांत, सिंहासनावर हक्क सांगू शकतील अशा कित्येक राजपुत्रांची आणि आप्तांची कत्तल झाली. हे मुलांपासून दडवून त्याला केवळ करुण नायक करणे हा इतिहासाचा अपमान होईल. पण याच माहितीतून सर्वांत महत्त्वाचा प्रश्न निघतो. राजा जुलमी होता म्हणून त्याचे राज्य तिऱ्हाइताने गिळावे का? अवध घेताना गैरकारभाराचे कारण पुढे केले गेले, साताऱ्यावर कटाचा आरोप ठेवला गेला, मंडालेच्या बाबतीत कत्तलीच्या वर्णनांनी विलायतेतली वर्तमानपत्रे भरली. प्रत्येक वेळी दुर्बळाचे दोष खरे किंवा अर्धे खरे होते आणि प्रत्येक वेळी सबळाचा लाभ पूर्ण खरा होता. सद्गुणी राजांचीच राज्ये हिरावली गेली असे शिकवले, तर उद्या एखाद्या दुर्गुणी सत्ताधीशाच्या देशावर असाच घाला पडेल तेव्हा आपल्या विद्यार्थ्याकडे त्याविरुद्ध बोलायला काहीच उरणार नाही.

मुलांच्या मनावर ओझे पडेल, द्वेष रुजेल, अशी भीती काही पालक व्यक्त करतात. तिला उत्तर म्हणून मी थिबाच्या थोरल्या राजकन्येची हकीकत सांगेन. रत्नागिरीत वाढलेल्या या राजकन्येचे मन तिथल्याच एका स्थानिक पहारेकऱ्यावर जडले. दोघांना मुलगी झाली. १९१९मध्ये राजपरिवार ब्रह्मदेशात परतला, पण ती पुन्हा रत्नागिरीला आली आणि हलाखीत तिथेच राहिली. तिची मुलगी मराठी बोलत, कोकणी संसार करीत याच गावात म्हातारी झाली. साम्राज्याने एका घराचे काय केले हे यात आहे, आणि साम्राज्याचा विचारही न करता साध्या माणसांनी एकमेकांना कसे सामावून घेतले हेही यात आहे. या कथेतून द्वेष कसा रुजेल? उलट, ब्रह्मदेशात हिंदी लोकांचे काय झाले याकडे मुलांना नेण्याचा हाच रस्ता आहे. इंग्रजांच्या पाठोपाठ आपले सावकार, कारकून, हमाल तिथे गेले. १९३१च्या सुमारास रंगून शहरात निम्म्याहून अधिक वस्ती हिंदी होती. १९३०मध्ये तिथे हिंदी मजुरांविरुद्ध दंगल उसळली आणि १९४२मध्ये जपानी आक्रमणापुढे लाखो हिंदी माणसे पायी डोंगर ओलांडून परत आली, अनेक वाटेतच मेली. ब्रह्मी माणसाच्या नजरेला आपण कसे दिसलो असू, हा प्रश्न आठवीतल्या मुलाला पेलतो. मोठ्यांनाच तो टाळावासा वाटतो.

उरला शिक्षकांचा प्रश्न, आणि इथे मी त्यांच्या बाजूने आहे. सहल म्हणजे परवानग्यांचे कागद, मुलामुलींची मोजदाद, समुद्रकिनाऱ्यावरची धाकधूक; मागच्या काळातल्या दुर्घटनांनंतर एकही शिक्षक निर्धास्त झोपत नाही. त्याच माणसाकडून काँग्रेसच्या ठरावाचे वाचन आणि सागवानाच्या व्यापाराचे विवेचन अपेक्षिणे अन्यायाचे आहे. तेव्हा ही जबाबदारी त्याच्या एकट्याच्या शिरावर टाकू नये. जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. तिने जिल्ह्यातल्या एका वसाहतकालीन स्थळासाठी चार पानांची पुस्तिका तयार करावी: एक नकाशा, तीन-चार मूळ कागदांचे मराठी उतारे आणि मुलांनी जागेवर शोधायची पाच-सहा उत्तरे. रत्नागिरीसाठी ती पुस्तिका थिबा राजवाडा आणि टिळकांचे जन्मस्थान यांची मिळून एकच असावी. सहलीच्या आधी इतिहासाच्या दोन तासिका आणि परतल्यावर एक, एवढा वेळ वेळापत्रकातून काढता येतो. परतल्यावर ‘आम्ही खूप मजा केली’ या वाक्याने संपणारा निबंध न मागता, थिबाने व्हाइसरॉयला लिहिलेला अर्ज किंवा फिरोजशहा मेहतांच्या ठरावावर मंडालेच्या रहिवाशाने दिलेले उत्तर लिहायला सांगावे. मत्स्यालय, दीपगृह आणि गणपतीपुळे एकाच दिवसात कोंबण्याऐवजी राजवाड्याला दोन तास द्यावेत. थिबाची समाधीही गावातच आहे. डिसेंबर २०१२मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिच्या दर्शनासाठी रत्नागिरीपर्यंत आले होते, तेव्हा सहलीच्या बसनेही तिथे वीस मिनिटे थांबायला हरकत नसावी.